कुंपणापलीकडचं दुकान

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये कम्युनिटी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे पेशंट माझ्याकडे येत नाहीत, मी त्यांच्या घरी जाते. खुब्याचं ऑपरेशन झालेले, पक्षाघातातून उठलेले, बाथरूममध्ये पडून हाड मोडून घेतलेले, बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यांना आधी खुर्चीतून उठवायचं, मग चार पावलं, मग जिना, मग दाराबाहेर. दारापर्यंत माझं शास्त्र चालतं. त्यापुढे वस्तीचा नकाशा चालतो, आणि त्याच्यापुढे माझं काही चालत नाही.

एका आजोबांचं सांगते. वस्तीचं नाव सांगणार नाही, ओळख पटेल असं काही लिहायची आम्हाला मुभा नाही. नव्वदच्या दशकातली, लाल विटांची, वळणावळणाच्या रस्त्यांची वस्ती म्हटली की लेस्टरच्या कडेकडेने कितीतरी आठवतात, त्यातली कुठलीही धरा. आम्ही पेशंटचं ध्येय त्याच्याच शब्दांत लिहून घेतो. आजोबांनी सांगितलं, ‘स्वतः जाऊन पेपर आणि दूध आणायचं.’ बायको गेल्यापासून एकटे राहतात आणि दुकानातल्या बाईशी दोन शब्द बोलणं हा त्या पेपरातला अर्धा मजकूर, हे मला सांगायची गरज नव्हती.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुपरमार्केटचं छप्पर दिसतं. सकाळी पोरं ट्रॉल्या एकीत एक घुसवतात त्याचा खडखडाट ऐकू येतो. मधे काय आहे ते मी एकदा नीट बघून घेतलं. हातरुमालाएवढं अंगण, सहा फुटी फळ्यांचं कुंपण, त्यापलीकडे काटेरी झुडपांचा पट्टा, मग दुकानाचा कारपार्क. सगळं मिळून ऐंशी-नव्वद मीटर. आता तेच दुकान पायी गाठायचं तर घरातून निघायचं ते दुकानाकडे पाठ करून. आधी आपली बंद गल्ली संपवायची, मग ती ज्या गोल रस्त्याला मिळते तो अर्धा चालायचा, मग वस्तीच्या मुख्य रस्त्याला लागायचं, राउंडअबाउटपर्यंत जायचं, तिथे दोनदा रस्ता ओलांडायचा, आणि गाड्यांच्या फाटकातून आत शिरायचं. सव्वा किलोमीटर. परत येताना हातात दूध.

आजोबांची मजल चालायची फ्रेम धरून दोनशे मीटर, तीही मधे एकदा टेकायला मिळालं तर. त्या मुख्य रस्त्यावर बाक नाही. बसायला बाक ठेवावा असं कुणाला वाटावं तरी कसं, त्या रस्त्याकडे एकाही घराचं तोंड नाही. दोन्ही अंगांना घरांच्या पाठी, म्हणजे नुसती कुंपणं. चक्कर आली तर वाजवायला दार नाही. आमची एक साधी चाचणी असते: खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा, आणि मी घड्याळ लावते. आजोबांची वेळ आठवड्याला सुधारत होती. ‘छान प्रगती’ असं मी फाइलमध्ये लिहीत होते, आणि पेपर मुलगी शनिवारी गाडीतून आणून देत होती.

याच्या उलट नार्बरो रोडचा भाग. तिकडे फेरी असली की मी गाडी एकदा कुठेतरी घुसवते (घुसवतेच म्हणायचं, परमिटवाल्या जागा सोडून उरतंच काय) आणि उरलेलं काम पायी करते. नार्बरो रोड आणि फॉस रोड साउथ यांच्यामधल्या त्या विटांच्या चाळींच्या (म्हणजे एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगांच्या) गल्ल्यांतून कुठूनही कुठेही निघता येतं. एक गल्ली खोदून ठेवली असेल तर पुढची. कोपऱ्यावर दुकान असतं, ते आज पोलिश, उद्या कुर्दिश, परवा तिथे कोण येईल सांगता येत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०१५-१६ च्या सुमारास या रस्त्यावरचे दुकानदार मोजले तर ते वीसहून अधिक देशांत जन्मलेले निघाले. त्याची बातमी बरीच गाजली. बातमीत संस्कृतीबद्दल पुष्कळ होतं, रस्त्याच्या आकाराबद्दल काही नव्हतं. पण इतक्या दुकानांना पुरेल एवढं गिऱ्हाईक पायी येतं ते दोन्ही बाजूंच्या गल्ल्या त्या रस्त्यावर उघडतात म्हणून.

नार्बरो रोड हा मुळात रोमनांचा फॉस वे. एक्सेटरहून निघून लेस्टरमधून लिंकनला जाणारा. तोच शहराच्या दुसऱ्या टोकाला बेलग्रेव्ह रोड आणि मेल्टन रोड होऊन बाहेर पडतो, म्हणजे आपली सोन्याची आणि साड्यांची दुकानं, फरसाण, दिवाळीचे दिवे. गुजराती लोकांची पेढी, पण मराठी माणसालाही चकलीची भाजणी तिथेच मिळते. दोन हजार वर्षांपूर्वीची एक सरळ रेघ, आणि तिच्या दोन्ही टोकांना शहराचा सगळ्यात जिवंत बाजार. मला यात योगायोग दिसत नाही.

त्या गल्ल्या कुणी चालणाऱ्यांच्या कळवळ्याने आखल्या नव्हत्या. लेस्टर वाढलं ते मोजे आणि बूट यांवर. १८६१ साली वस्ती ६८ हजारांच्या आसपास, १९०१ साली २ लाख ११ हजार (मधे हद्द वाढवून आजूबाजूची गावं पोटात घेतली, हेही त्यात आलं). माणसं कारखान्यात पायीच जायची, म्हणून घरं कारखान्याच्या पायथ्याशी. १८७५ च्या पब्लिक हेल्थ अ‍ॅक्टनंतर जे नमुना नियम आले त्यांत नवा रस्ता ३६ फूट रुंद, मागे मोकळी जागा, हवा खेळती हवी, असं होतं. बिल्डरने पट्टी घेतली आणि जमिनीवर सरळ रेघा मारल्या, कारण सरळ रेघांवर घरं जास्त बसतात. दर काही घरांनंतर एक ‘एंट्री’, म्हणजे दोन घरांच्या मधून मागच्या अंगणात नेणारा अरुंद बोगदा. हे सगळं पैशाचं गणित होतं. त्या गणितातून चालता येण्याजोगं शहर फुकटात पदरात पडलं.

या घरांचं मी गुणगान करणार नाही. जिने इतके उभे की खुब्याच्या पेशंटला खाली उतरवताना माझाच घाम निघतो. भिंतींना ओल. संडास कित्येक घरांत मागे नंतर जोडलेला, म्हणजे रात्री उठलं की स्वयंपाकघरातून जा. पण तिथल्या माझ्या पेशंटना दाराबाहेर काढलं की पुढचं काम रस्ता करतो. पहिल्या आठवड्यात खांबापर्यंत, दुसऱ्यात कोपऱ्यापर्यंत, तिसऱ्यात दुकान.

या गल्ल्यांचा कंटाळा आला तोही समजण्यासारखा. धूर, एकसारखी घरं, झाड नाही. १९०६ साली लंडनच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बसाठी खास कायदा करून घेतला गेला, त्यात रस्त्यांच्या रुंदीच्या नियमांतून सूट मिळाली आणि बंद गल्ल्यांना रीतसर जागा झाली. १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स समितीने शहरात एकरी १२ घरं सुचवली. लेस्टरमध्ये सॅफ्रन लेन, मग ब्राउनस्टन, असे कौन्सिलचे मोठाले भाग उभे राहिले, अर्धचंद्र आणि वर्तुळांचे, पुढे-मागे बाग असलेले. घरं सुंदर, अंतरं लांब. पण तिथे अजून रस्ते एकमेकांना मिळत होते. खरं तोडकाम झालं ते मोटारीच्या जमान्यात. इथले प्लॅनिंग ऑफिसर कॉनरॅड स्मिगिएल्स्की (१९६२ ते १९७२) यांनी १९६४ च्या वाहतूक आराखड्यात मोनोरेल आणि पार्क-अँड-राइड मांडली होती. मोनोरेल कागदावरच राहिली. आतला रिंग रोड मात्र झाला आणि जुन्या हाय स्ट्रीटपासून रोमन ज्यूरी वॉलकडचा भाग त्याने कापून टाकला. बेलग्रेव्हच्या तोंडाशी उड्डाणपूल बसला, तो २०१४ मध्ये पाडला.

१९७७ साली वस्तीतले रस्ते कसे आखायचे ते सांगणारं सरकारचं डिझाइन बुलेटिन ३२ आलं, आणि मला वाटतं आजोबांच्या दुधाची वाट तिथेच बंद झाली. रस्त्यांची उतरंड लावायची: मोठा रस्ता, त्याला मिळणारा मधला, त्याला मिळणारा छोटा, आणि छोट्याचं दुसरं टोक बंद, म्हणजे परक्या गाडीने मधून जायला नको. हेतू वाईट नव्हता. मुलं गाड्यांखाली येत होती. मग पोलिसांची ‘सिक्युअर्ड बाय डिझाइन’ योजना आली, तिलाही बंद गल्ली प्रिय, कारण चोराला पळायला दुसरं टोक नाही. त्यात गाडी आणि माणूस दोघांनाही एकच कुलूप लागलं.

लेस्टरमध्ये दोन घरांच्या किंवा दोन कुंपणांच्या मधून जाणाऱ्या बोळाला जिटी म्हणतात. कुठल्याही जुन्या लेस्टरकराला विचारा, तो शाळेत कुठल्या जिटीने जायचा ते सांगेल. ज्या बंद गल्लीच्या टोकाला जिटी आहे ती गल्ली गाडीला बंद आणि पायाला उघडी. भांडण मिटलं. माझा बंद गल्लीवर राग नाही. आम्ही स्वतः तशाच गल्लीत राहतो, हॅमिल्टनच्या बाजूला, आणि माझी मुलं उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत डांबरावर क्रिकेट खेळतात ते याच गल्लीच्या जिवावर. सोलापुरात माझं बालपण ज्या बोळात गेलं तिथे स्टंप म्हणून वीट असायची, इथे कचऱ्याची चाकवाली बिन आहे. फरक एवढाच की तो बोळ दोन्हीकडे उघडा होता आणि बॉल आणायला गेलेला पोरगा दुसऱ्या पेठेतून उगवायचा.

मग जिटी का ठेवत नाहीत? याचं उत्तर मला एका पेशंटकडून मिळालं. गृहस्थ आयुष्यभर जमीन मोजणी आणि खरेदीच्या धंद्यात होते. गुडघ्याचे व्यायाम करायचा कंटाळा, बोलायचा अजिबात नाही. त्यांनी मला चहाच्या बशीवर बिस्किटं मांडून समजावलं. हे एका बिल्डरचं शेत, हे दुसऱ्याचं. पहिला आपल्या रस्त्याचं टोक हद्दीपर्यंत नेतच नाही. मधे फूटभर पट्टा स्वतःच्या नावावर ठेवतो. उद्या दुसऱ्याला रस्ता जोडायचा तर त्या पट्ट्याचे पैसे मोजा. त्याला रॅन्सम स्ट्रिप म्हणतात. ‘किती पैसे?’ म्हणून मी विचारलं. १९६१ च्या स्टोक्स विरुद्ध केंब्रिज या खटल्यापासून अंदाज असा की वाट मिळाल्यामुळे जमिनीची जी किंमत वाढते तिचा तिसरा हिस्सा. बिस्किटाचा तिसरा हिस्सा मोडून त्यांनी चहात बुडवला. एवढे पैसे देण्यापेक्षा दुसरा बिल्डर आपला रस्ता उलट्या बाजूने काढतो, आणि दोन वस्त्यांची कुंपणं एकमेकांना पाठ लावून बसतात.

दुसरं कारण नवीन आहे आणि ते मी रोज बघते. पूर्वी बिल्डर रस्ता बांधून कौन्सिलच्या ताब्यात द्यायचा. हल्ली गवत, खेळाची जागा, कधी रस्तेसुद्धा खासगी व्यवस्थापनाकडे राहतात आणि घरमालक दरवर्षी वेगळी वर्गणी भरतात. स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाच्या फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात आहे की २०२१-२२ मध्ये मोठ्या बिल्डरांनी विकलेल्या नव्या फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीच्या) घरांपैकी ८० टक्के घरांवर अशी वर्गणी होती. वर्गणी आम्ही भरायची आणि शेजारच्या वस्तीतले लोक कुत्री घेऊन आमच्या वाटेने जाणार? हा प्रश्न मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचला आहे, आणि विचारणाऱ्याचा मला राग आला नाही. मीही कौन्सिल टॅक्स भरून वर हे भरते.

पुढे शहर वाढतं तसं हेच गुणाकाराने वाढतं. लेस्टर शहराची हद्द आवळलेली आहे. २०२१ च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख ६८ हजारांच्या वर, पण ओडबी, विगस्टन, बर्स्टल, थर्मस्टन, ग्लेनफिल्ड ही सगळी घरं शहराला चिकटलेली आणि हद्दीबाहेर. १९९७ पासून शहराचा कारभार वेगळा, काउंटीचा वेगळा. रस्त्याच्या एका टोकाची जबाबदारी एकाची, दुसऱ्या टोकाची दुसऱ्याची. शहरात जागा नाही म्हणून नवी घरं शेजारच्या जिल्ह्यांच्या शेतांत जातात. न्यू लबस्थॉर्प हे त्याचं मोठं उदाहरण, एम-१ मोटरवेच्या पलीकडे, ४,२५० घरांचा आराखडा. तिथे निदान मोटरवेवरून पूल बांधला. लहान लहान वस्त्या, दीडशे घरं इथे, दोनशे तिथे, त्यांच्यासाठी कोण पूल बांधणार? प्रत्येक वस्तीला मोठ्या रस्त्यावर एकच तोंड. बस आत शिरत नाही, कारण आत गेली तर त्याच तोंडाने बाहेर यायचं. घरापासून चारशे मीटरच्या आत स्टॉप असावा असा बस नियोजनातला जुना आडाखा आहे. नकाशावर कंपासने वर्तुळ काढलं की तो पाळल्यासारखा दिसतो. कंपासला कुंपण लागत नाही.

आणि एकदा आखलेला रस्ता मिटत नाही. घर पाडून घर बांधतात, रस्त्याची रेघ तशीच राहते. बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या दोघांनी जगभरच्या रस्त्यांची जाळी तपासून २०२० मध्ये दाखवलं की बऱ्याच देशांत नवे रस्ते आधीच्यापेक्षा जास्त तुटक होत चालले आहेत, आणि तुटक जाळं पुढे क्वचितच सांधलं जातं. भावाकडे वाकडला गेले की मला हे वाचायची गरजच वाटत नाही. त्याच्या सोसायटीसमोरची डेअरी गच्चीतून दिसते, आणि तो स्कूटर काढतो.

एक गुजराती बा आहेत. बेलग्रेव्हच्या चाळीतल्या घरात चाळीस-एक वर्षं राहिल्या. मुलाने प्रेमाने स्वतःच्या मोठ्या घरी आणलं, खाली खोली, खाली बाथरूम, रॅम्प, काही म्हणता काही कमी नाही. सून दिवसभर कामावर. मी त्यांना व्यायामाचा कागद दिला, खाली लिहिलेलं, रोज वीस मिनिटं बाहेर चाला. बांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘बेटा, चालीने जवुं तो क्यां जवुं?’ चालत जायचं तर जायचं कुठे? बेलग्रेव्हला देऊळ होतं, भाजीवाला होता, वाटेत तिघी मैत्रिणींची दारं होती. इथे गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं आणि परत यायचं. एकदा गेल्याही, समोरच्या घराच्या दाराच्या कॅमेऱ्याने टिपलं आणि शेजाऱ्याने काळजीने मुलाला फोन केला की आई हरवल्यात का. कागदावरची ती ओळ मी आता सगळ्यांना लिहीत नाही. आधी खिडकीतून बाहेर बघते.

२००७ च्या ‘मॅन्युअल फॉर स्ट्रीट्स’मध्ये सरकारनेच सांगितलं की रस्ते जोडलेले हवेत. प्रत्येक नव्या वस्तीच्या जाहिरातीत ‘वॉकेबल’ हा शब्दही असतो. तरी आमच्या जवळच्या शेतावर येऊ घातलेल्या घरांचा आराखडा उघडला तर तेच: गल्लीचं टोक, दोन अंगणं, आणि पलीकडे आमच्याकडच्या गल्लीचं टोक. त्या दोन टोकांमध्ये बस स्टॉपचा सगळा फरक आहे. वाट नसेल तर तिकडच्यांना वळसा, वाट असेल तर तीन-चार मिनिटं.

नवऱ्याचं म्हणणं, जिटी झाली की रात्री पोरं तिथे बसून दारू पितील. होऊ शकतं. आमच्याच भागात एक जिटी फाटक लावून बंद केली आहे, कारण खरोखर त्रास होता. पण ती दोन उंच कुंपणांच्या मधली, वाकडी, दिवा नसलेली होती. आत काय चाललंय ते दुसऱ्या टोकावरून दिसायचं नाही. सरळ, रुंद, दिवा असलेली आणि बाजूच्या घराची खिडकी जिच्यावर उघडते अशी वाट वेगळी. आमचं यावर अजून एकमत नाही. त्या नव्या घरांच्या परवानगीच्या अर्जावर लोकांना मत देता येतं. त्याने काही लिहिलं नाही, मी लिहिलं. लांबलचक भाषण नाही, तीन वाक्यं: या दोन टोकांमध्ये तीन मीटर रुंदीची, सरळ, दिव्याची वाट ठेवा. ती हद्दीपर्यंत न्या, मधे पट्टा राखू नका. आणि पहिलं घर ताब्यात देण्याआधी ती उघडी असली पाहिजे, ही अट परवानगीतच घाला. तिसरं वाक्य बिस्किटवाल्या गृहस्थांनी सांगितलेलं. अटीत नसलं तर वाट शेवटी होते, आणि शेवटी पैसे संपलेले असतात म्हणे.

लेस्टर आणि आसपासच्या मराठी मंडळींसाठी एवढंच, कारण मंडळाच्या कार्यक्रमात दोघांनी विचारलं. असे परवानगीचे अर्ज कौन्सिलच्या वेबसाइटवर दिसतात, जाहीर झाल्यापासून मत द्यायला साधारण २१ दिवस मिळतात, आणि त्यासाठी नागरिक असावं लागत नाही. व्हिसावर असलात, भाड्याने राहत असलात तरी चालतं. नुसतं ‘गर्दी होईल’ लिहिलं तर ते बाजूला पडतं, वाटेचं नेमकं ठिकाण लिहिलं तर अधिकाऱ्याला निदान उत्तर द्यावं लागतं. नाव-पत्ता मात्र लिहावा लागतो.